सिद्धांत आणि शिवार : इंदापूर तालुक्यातील जमीन पाहणीचा प्रयोग (१८२४–१९१०)

प्रास्ताविक

आधुनिक ज्ञानव्यवहारात प्रयोग आणि परीक्षण यांना असाधारण महत्त्व आहे. एखादे विधान कितीही तर्कशुद्ध असले, तरी प्रत्यक्षाच्या कसोटीला उतरल्याखेरीज त्यास सत्य मानावयाचे नाही, ही विज्ञानाची मूलभूत शिस्त होय. प्रयोग म्हटला की प्रयोगशाळा डोळ्यांसमोर उभी राहते. परंतु समाजजीवनातही प्रयोग घडत असतात. राज्यकर्ते एखादा सिद्धांत हाती घेतात, तो प्रदेशावर लागू करतात आणि त्याचा परिणाम लोकांच्या जीवनात दिसून येतो. अशा प्रयोगात उपकरणे बिघडत नाहीत. गावे ओस पडतात किंवा नांदू लागतात.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील इंदापूर आणि बारामती हा भाग या दृष्टीने इतिहासाच्या अभ्यासकांना विशेष महत्त्वाचा वाटावा असा आहे. उत्तरेस भीमा आणि दक्षिणेस नीरा या नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या या प्रदेशात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जमीन महसुलाच्या दोन परस्परविरोधी पद्धती एकापाठोपाठ एक अमलात आल्या. पहिली पद्धत अर्थशास्त्रीय सिद्धांतातून निष्पन्न झाली होती आणि ती फसली. दुसरी शेताच्या बांधावर आकारास आली आणि पुढे संपूर्ण मुंबई इलाख्याची जमाबंदी तिच्यावर उभी राहिली. या दोन प्रयोगांचे स्वरूप, त्यांच्या यशापयशाची कारणे आणि दुसऱ्या पद्धतीलाही पुढे पडलेल्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इंदापूर तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. वार्षिक पाऊस सुमारे ५०० मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा. भीमेच्या काठी खोल काळी जमीन, तर नदीपासून दूर माळावर मुरमाड, बरड जमीन अशी येथील भूमीची रचना आहे. भिगवण हे गाव या पट्ट्यातच, भीमेच्या काठाजवळ वसलेले आहे. ज्वारी आणि बाजरी ही येथील मुख्य जिरायत पिके होत.

मराठी राज्यात जमीन मोजण्याची स्वतंत्र परंपरा होती. पाच हात पाच मुठींची एक काठी, वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर असे कोष्टक प्रचलित होते. जमिनीची अव्वल, दूम आणि सीम अशी प्रतवारीही केली जात असे. मात्र प्रत्यक्षात आकारणी गावाच्या परिस्थितीनुसार, पाटील-कुलकर्ण्यांच्या माहितीवरून आणि दरसालच्या वाटाघाटीतून ठरत असे.

पेशवाईच्या अखेरीस या प्रदेशाची फार मोठी हानी झाली. १८०२ मधील हडपसरच्या लढाईनंतर यशवंतराव होळकरांच्या फौजांची धामधूम आणि पाठोपाठ १८०३–०४ चा दुष्काळ यांमुळे भीमा-नीरा खोऱ्यातील अनेक गावे उजाड झाली. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली, तेव्हा कंपनी सरकारच्या हाती आलेल्या या भागात जमीन मुबलक होती आणि ती कसणारे हात थोडे होते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे धोरण प्रथम जुनी व्यवस्था शक्य तितकी कायम ठेवण्याचे होते. तथापि सरकारचा हक्क नेमका किती आणि रयतेने नेमके किती द्यावे, या प्रश्नाचे निश्चित उत्तर जुन्या दप्तरातून मिळेना. हे उत्तर शोधण्यासाठी नवी पाहणी आवश्यक आहे, असे सरकारला वाटू लागले.

प्रिंगल यांची पाहणी : सिद्धांताकडून शेताकडे

हे काम मुंबई सरकारच्या मुलकी सेवेतील रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे आले. प्रिंगल यांचे शिक्षण इंग्लंडमधील हेलिबरी येथे कंपनीच्या महाविद्यालयात झाले होते. तेथे थॉमस माल्थस हे अर्थशास्त्राचे अध्यापन करीत असत. १८१७ मध्ये डेव्हिड रिकार्डो यांचा अर्थशास्त्राच्या तत्त्वांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता आणि त्यातील खंडाचा सिद्धांत त्या काळच्या सुशिक्षित अधिकारीवर्गात प्रमाण मानला जात होता. लागवडीचा सर्व खर्च आणि शेतकऱ्याचा वाजवी नफा वजा केल्यावर जमिनीच्या सुपीकतेमुळे जे आधिक्य उरते तो खंड, आणि त्यावर कर बसविल्याने उत्पादनाला बाधा येत नाही, असा त्या सिद्धांताचा आशय होता. एरिक स्टोक्स या इतिहासकाराने १९५९ मधील आपल्या ग्रंथात या विचारसरणीचा भारतातील राज्यकारभारावर झालेला परिणाम सविस्तर उलगडून दाखविला आहे.

१८२४ नंतरच्या चार वर्षांत प्रिंगल यांनी पुणे जिल्ह्यात मोजणी आणि प्रतबंदीचे काम पार पाडले. प्रत्येक प्रतीच्या जमिनीत येणारे सरासरी पीक, त्याची सरासरी किंमत, तसेच बैल, बियाणे, अवजारे, मजुरी यांचा खर्च ही माहिती चौकशी करून गोळा करण्यात आली. एकूण उत्पन्नातून खर्च वजा जाता निव्वळ उत्पन्न निघे. या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के इतका सरकारी सारा निश्चित करण्यात आला. कागदावर ही पद्धत निर्दोष होती. श्रीमंत आणि गरीब जमिनीवर सारख्याच प्रमाणात भार पडावा, असा तिचा न्याय्य हेतू होता. प्रिंगल यांच्या परिश्रमाविषयी आणि प्रामाणिकपणाविषयी त्यांच्या टीकाकारांनीही फारशी शंका घेतलेली दिसत नाही.

तरीही १८३० च्या सुमारास ही आकारणी लागू होताच परिणाम उलटे दिसू लागले. रयत जमिनी सोडून देऊ लागली. ठरविलेला सारा वसूल होईना, म्हणून दरवर्षी मोठ्या प्रमाणावर सूट द्यावी लागे. ही सूट कोणास किती द्यावयाची हे हाताखालच्या कामगारांच्या मर्जीवर अवलंबून राहिल्याने लाचलुचपतीस वाव मिळाला. काही कुटुंबे शेजारच्या निजामाच्या मुलखात निघून गेली. जी पद्धत मनमानी नाहीशी करण्यासाठी योजली होती, तिनेच मनमानीला नवे दार उघडून दिले.

अपयशाची मीमांसा

या अपयशाची कारणे सामान्यतः तीन सांगितली जातात. धान्याचे भाव उतरले, हाताखालच्या कारकुनांनी प्रतबंदीत खोटेपणा केला, आणि आकारणीचे दर जास्त होते. ही तिन्ही कारणे खरी आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी असलेला पद्धतीचा दोष अधिक लक्षात घेण्यासारखा आहे.

निव्वळ उत्पन्न ही प्रत्यक्ष मोजता येणारी राशी नव्हे. ती दोन अंदाजांची वजाबाकी आहे. अशा वजाबाकीत मूळ अंदाजातील लहानशी चूक अनेक पटींनी वाढते. उदाहरणादाखल, एका चांगल्या शेताचे एकूण उत्पन्न १० रुपये व खर्च ७ रुपये धरला, तर निव्वळ उत्पन्न ३ रुपये होते. उत्पन्नाचा अंदाज दहा टक्क्यांनी चुकून तो ११ रुपये धरला गेला, तर निव्वळ उत्पन्न ४ रुपये होईल. म्हणजे दहा टक्क्यांची चूक तेहतीस टक्क्यांची झाली. आता हलक्या जमिनीचा विचार करावा. तेथे उत्पन्न ८ रुपये आणि खर्च ७ रुपये धरल्यास शिल्लक १ रुपया राहते. दहा टक्क्यांच्याच चुकीने उत्पन्न ८ रुपये ८० पैसे धरले गेले, तर शिल्लक १ रुपया ८० पैसे दिसेल आणि तिच्या ५५ टक्के म्हणजे ९९ पैसे सारा बसेल. वास्तविक शिल्लक १ रुपया असताना ती जवळजवळ सर्वच सरकारजमा होईल. ही आकडेमोड केवळ स्पष्टीकरणासाठी आहे. परंतु इंदापूरसारख्या कमी पावसाच्या आणि हलक्या जमिनीच्या तालुक्यात हा सिद्धांत का कोसळला, हे तीवरून ध्यानात येते. सिद्धांताची चूक जेथे सर्वांत मोठी होत होती, तेथेच ती सोसण्याची ताकद सर्वांत कमी होती.

दुसरा दोष परीक्षणाच्या अभावाचा होता. प्रत्येक शेताची प्रत हाताखालच्या कारकुनांनी ठरविली. परंतु ती त्यांनी कोणत्या खुणांवरून ठरविली, हे दुसऱ्या कोणास ताडून पाहता येण्याजोगे नव्हते. ज्या निर्णयाची फेरतपासणी करता येत नाही, तो निर्णय प्रामाणिक आहे की लाच घेऊन दिलेला, हे ओळखण्याचा मार्गच उरत नाही. म्हणून प्रतबंदीतील भ्रष्टाचार हा केवळ व्यक्तींच्या नीतीचा प्रश्न नव्हता. त्याचे मूळ पद्धतीतही होते.

इंदापूरचा प्रयोग : गोल्डस्मिड, विंगेट आणि नॅश

१८३५ मध्ये महसूल आयुक्तांचे साहाय्यक असलेले हेन्री एडवर्ड गोल्डस्मिड यांनी इंदापूर भागातील परिस्थितीची पाहणी केली. गोल्डस्मिड यांचेही शिक्षण हेलिबरी येथेच झाले होते, ही बाब लक्षणीय आहे. एकाच विद्यालयातून बाहेर पडलेल्या दोन अधिकाऱ्यांपैकी एकाने ग्रंथातील सिद्धांत शेतावर नेला आणि दुसऱ्याने शेतावरील वस्तुस्थिती पाहून तो सिद्धांत बाजूस ठेवला. गोल्डस्मिड यांच्या जोडीस लष्कराच्या इंजिनिअर शाखेतील लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांची नेमणूक झाली. लेफ्टनंट नॅश हेही या कामात सहभागी होते. कामाची सुरुवात इंदापूर तालुक्यापासून झाली आणि १८३६–३७ पासून तेथे नवी आकारणी लागू करण्यात आली.

या नव्या पाहणीची पहिली विशेषता अशी, की तिने आधीचे सर्वच काम रद्द ठरविले नाही. प्रिंगल यांच्या काळातील मोजणी तपासून पाहण्यात आली आणि जेथे चूक मर्यादित आढळली तेथे पुष्कळशी मोजणी कायम ठेवण्यात आली. प्रतबंदी मात्र नव्याने केली गेली. जुन्या निष्कर्षातील कोणता भाग कसोटीस उतरतो व कोणता नाही, हे वेगवेगळे तपासण्याची ही रीत शास्त्रीय वृत्तीची द्योतक आहे.

दुसरी विशेषता जमिनीच्या प्रतबंदीत होती. इंदापूर येथे काळी, तांबडी आणि बरड असे जमिनीचे तीन प्रकार आणि प्रत्येकाच्या तीन प्रती मिळून नऊ वर्ग करण्यात आले. हे तीन शब्द शेतकऱ्यांच्याच बोलीतील आहेत. बांधावर उभा असलेला शेतकरी आणि नोंदवहीत लिहिणारा कारकून या दोघांनाही ते सारखेच समजत होते. त्यामुळे नोंद चुकीची झाल्यास हरकत घेणे रयतेला शक्य झाले.

या पद्धतीचा पुढे अधिक विकास झाला. १८४० आणि १८४७ च्या संयुक्त अहवालांतून तिचे नियम निश्चित करण्यात आले. १८४७ च्या अहवालात गोल्डस्मिड व विंगेट यांच्याबरोबर डेव्हिडसन यांचाही सहभाग होता. या नियमांनुसार शेताचे भाग पाडून प्रत्येक भागात माती खणून पाहावयाची, तिची खोली हातांत मोजावयाची आणि पोत पाहून ती तीन श्रेणींपैकी कोणत्या श्रेणीत बसते हे ठरवावयाचे असे. पहिल्या श्रेणीची पावणेदोन हात खोल जमीन सोळा आणे प्रतीची; खोली कमी होत जाईल तसतशी प्रत उतरत जाऊन नवव्या वर्गास दोन आणे, असे कोष्टक होते. चुनखडीचे प्रमाण, वाळूचे मिश्रण, उतार, पाणी साचणे यांसारखे दोष आढळल्यास प्रत आणखी खाली येई. हे दोष ठरावीक खुणांनी नकाशाच्या चौकटीत नोंदविले जात. वरिष्ठ अधिकाऱ्याने ठरावीक हिस्सा शेतांची स्वतः फेरतपासणी करावी, असाही दंडक होता.

मोजणीतही अशीच साधी पण पक्की व्यवस्था होती. मुंबई इलाख्याच्या पाहणीत वापरली जाणारी साखळी ३३ फूट लांबीची असून तिचे सोळा आणे केलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद इतके क्षेत्र म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. शेताच्या सीमा मातीच्या बांधांनी व दगडांनी पक्क्या करून प्रत्येक शेताला क्रमांक देण्यात येई. हाच पुढे ‘सर्व्हे नंबर’ म्हणून महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत रूढ झाला.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची विशेषता दर ठरविण्याच्या पद्धतीत आढळते. नव्या पाहणीने निव्वळ उत्पन्नाचा आकडा शोधण्याचा हट्ट सोडून दिला. गेल्या अनेक वर्षांत या तालुक्यात किती सारा बसविला गेला, त्यापैकी किती वसूल झाला, त्या त्या वर्षी लागवडीखाली किती जमीन होती, पाऊसपाणी व भाव कसे होते, बाजारपेठ किती दूर आहे, या गोष्टींचा तपास करून गावांच्या गटासाठी एकूण रक्कम ठरविण्यात आली. प्रतबंदीचा उपयोग केवळ त्या रकमेची शेताशेतांत वाटणी करण्यापुरता होता. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे, तर जमिनीचे निरपेक्ष मूल्य काढण्याऐवजी शेजारच्या दोन शेतांतील तरतमभाव निश्चित करणे एवढेच काम प्रतबंदीकडे सोपविले गेले. जे मोजता येत नव्हते त्याचा आव आणण्यात आला नाही, आणि जे मोजता येत होते ते काळजीपूर्वक मोजण्यात आले.

या रीतीने ठरलेले दर पूर्वीपेक्षा बरेच खाली आले आणि ते तीस वर्षांसाठी कायम करण्यात आले. शेतकऱ्याने स्वखर्चाने विहीर खणली किंवा जमीन सुधारली, तरी मुदतीत सारा वाढणार नाही, याची हमी त्यात होती. त्यानंतरच्या काळात पडीक जमीन झपाट्याने लागवडीखाली आली आणि सूट देण्याची गरज कमी झाली, असे महसुली दप्तरांवरून दिसून येते.

यशाचे परीक्षण

इंदापूरच्या या यशावर मुंबई सरकारने आपल्या जमाबंदीचा डोलारा उभारला. १८६५ च्या पहिल्या अधिनियमाने तिला कायद्याचे स्वरूप मिळाले. परंतु लागवड वाढली म्हणून पद्धत सत्य ठरली, असा सरळ निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. त्याच काळात इतर अनेक गोष्टी घडत होत्या. देशात शांतता नांदत होती. उजाड गावे पुन्हा वसत होती. लोकसंख्या वाढत होती. दर कमी केल्यामुळे लागवड वाढली, की प्रतबंदी अचूक असल्यामुळे वाढली, हे वेगळे करून दाखविणे कठीण आहे. पद्धत जुनीच ठेवून केवळ दर कमी केले असते तर काय झाले असते, याचा प्रयोग कोणीही करून पाहिला नाही. रविंदर कुमार, सुमित गुहा, नील चार्ल्सवर्थ आदी इतिहासकारांनी दख्खनच्या शेतीव्यवस्थेविषयी केलेल्या लेखनातून या प्रश्नाची गुंतागुंत स्पष्ट झाली आहे.

तथापि एक गोष्ट निर्विवाद म्हणता येईल. नव्या पद्धतीत चूक शोधता येत होती. प्रतबंदीविषयी शंका आल्यास खड्डा खणून मातीची खोली पुन्हा मोजता येत होती. क्षेत्राविषयी शंका आल्यास साखळी पुन्हा टाकता येत होती. प्रिंगल यांच्या कोष्टकात अशी सोय नव्हती. दोन पद्धतींतील खरा फरक या ठिकाणी आहे.

१८६७ ची फेरपाहणी आणि तिचा धडा

तीस वर्षांची मुदत संपताच १८६७ मध्ये इंदापूरची फेरपाहणी झाली. मधल्या काळात परिस्थिती पालटली होती. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग भिगवणजवळील दिकसळवरून पुढे गेला आणि १८६० पर्यंत सोलापूरपर्यंत गाडी सुरू झाली. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात तेथील कापूस येणे बंद झाल्याने हिंदुस्थानच्या कापसाला अपूर्व भाव आला आणि त्याबरोबर सर्वच शेतमालाचे भाव वधारले. या तेजीच्या पार्श्वभूमीवर पाहणी अधिकाऱ्यांनी तालुक्याच्या एकूण आकारणीत निम्म्याहून अधिक वाढ केली.

येथे प्रयोगशास्त्राचा एक मूलभूत नियम मोडला गेला. ज्या मोजक्या वर्षांतील निरीक्षणांवर पुढील तीस वर्षांचे दर आधारले, ती वर्षे अपवादात्मक होती. युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले, धान्याचे भावही पुढे उतरले. वाढीव सारा मात्र कायम राहिला. १८३६ च्या अधिकाऱ्यांनी अनेक वर्षांच्या वसुलीचा इतिहास तपासून दर ठरविले होते. १८६७ मध्ये त्या पद्धतीचे बाह्य रूप राहिले, परंतु तिच्यातील सावधपणा उरला नाही. १८७४ मध्ये मुंबई सरकारला फेरपाहणीतील वाढीवर मर्यादा घालणे भाग पडले. तालुक्यावर किंवा गावांच्या गटावर ३३ टक्के, एका गावावर ६६ टक्के आणि एका खातेदारावर १०० टक्के याहून अधिक वाढ करू नये, असे ठरले.

पुढच्याच वर्षी, १२ मे १८७५ रोजी, तेव्हाच्या भीमथडी आणि आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे हस्तगत करून जाळले. दख्खनचे दंगे म्हणून ओळखला जाणारा हा उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मुख्यतः कर्जबाजारीपणावर बोट ठेवले. परंतु आयोगाचे एक सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांनी स्वतंत्र टिपणात वाढीव सारा हे दुर्दशेचे महत्त्वाचे कारण असल्याचे मत मांडले. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळाने या प्रदेशाची उरलीसुरली ताकद हिरावून घेतली. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा संमत झाला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात करांचा बोजा आणि सरकारी खात्यांतील कारकुनी व्यवहार यांवर जो प्रहार केला, त्यास ही पार्श्वभूमी होती. शेताची प्रत ठरविणारा माणूस कोणाच्या बाजूचा आहे, हा प्रश्न शेतकऱ्याच्या दृष्टीने जमिनीच्या खोलीइतकाच महत्त्वाचा होता, याचे भान त्या ग्रंथामुळे येते.

नीरेचे पाणी आणि प्रतबंदीची मर्यादा

विंगेट यांच्या प्रतबंदीची आणखी एक कसोटी पाण्याने घेतली. दुष्काळाच्या काळात सुरू झालेले नीरा डाव्या कालव्याचे काम पुढील दशकात पूर्णत्वास गेले आणि १८८५ च्या सुमारास कालव्याचे पाणी बारामती-इंदापूरच्या शिवारात खेळू लागले. भाटघर येथील धरणाने या कालव्यास पाणीपुरवठा केला. जिरायत प्रदेश बागायत होऊ लागला आणि उसाची लागवड वाढली.

जुन्या कोष्टकानुसार खोल काळी जमीन सोळा आणे, तर कमी खोलीची, खाली मुरूम असलेली जमीन हलकी. पावसाच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या शेतीत ही प्रतवारी बरोबर होती, कारण खोल काळी माती ओल दीर्घकाळ धरून ठेवते आणि रब्बी ज्वारी त्या ओलीवर पोसते. परंतु बारमाही कालव्याखाली हाच गुण दोष ठरला. पाण्याचा निचरा न होता ते जमिनीत साठू लागले. भूजलाची पातळी वर आली. त्याबरोबर क्षार पृष्ठभागावर येऊन साठले. चांगल्या गणल्या गेलेल्या जमिनी पाणथळ, खारवट आणि चोपण झाल्या. उलट ज्या मध्यम जमिनीखाली मुरूम होता, तेथे निचरा होऊन ऊस चांगला येऊ लागला.

या समस्येचा शास्त्रीय अभ्यास हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी केला. नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींवरील त्यांची पुस्तिका मुंबईच्या शेतकी खात्याने १९१० मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १९२८ मध्ये सी. सी. इंग्लिस आणि व्ही. के. गोखले यांनी दख्खनच्या कालवा क्षेत्रातील सिंचनाविषयी जो तांत्रिक निबंध लिहिला, त्यात मातीचा निचरा आणि खालच्या थराचे स्वरूप पाहून जमिनीची योग्यता ठरविण्यावर भर होता. म्हणजे जमिनीत खड्डा खणून पाहण्याची रीत तीच राहिली. परंतु खड्ड्यात काय पाहावयाचे, हे बदलले. विंगेट यांच्या कारकुनाने मातीची खोली पाहिली होती. मान-ताम्हाणे यांनी मातीतील क्षार आणि पाणी तपासले.

यावरून जुनी प्रतबंदी खोटी होती असे ठरत नाही. ती ज्या परिस्थितीत तपासली गेली होती, त्या परिस्थितीपुरती खरी होती. परिस्थितीचा एक घटक, म्हणजे पाणी, बदलताच निष्कर्ष बदलला. कोणत्याही प्रयोगाचे सत्य त्याच्या अटींसह स्वीकारावे लागते, हे तत्त्व नीरेच्या खोऱ्यातील शेतकऱ्याला आपल्या शेतावरील पांढऱ्या थरावरून कळले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. प्रिंगल यांची पाहणी सिद्धांताच्या चुकीमुळे जितकी फसली, त्याहून अधिक ती परीक्षणास वाव नसल्यामुळे फसली. निव्वळ उत्पन्नासारख्या अप्रत्यक्ष राशीवर कर बसविल्याने लहान चुका हलक्या जमिनीवर मोठ्या झाल्या.

२. इंदापूरच्या १८३६ च्या प्रयोगाचे बळ त्याच्या नम्रतेत होते. पुन्हा मोजता येतील अशा खुणा, शेतकऱ्यास समजणारे शब्द आणि दीर्घकाळच्या वसुलीचा अनुभव यांवर त्याने भर दिला.

३. १८६७ च्या फेरपाहणीने अपवादात्मक वर्षांना सामान्य मानले. पद्धतीचे नियम पाळूनही निरीक्षणाची निवड चुकल्यास निष्कर्ष अन्यायकारक ठरतो.

४. कालव्याच्या आगमनानंतर जुन्या प्रतबंदीची मर्यादा उघड झाली. एकदा सिद्ध झालेले सत्य नव्या परिस्थितीत पुन्हा तपासावे लागते.

५. समाजावरील प्रयोगात चुकीची किंमत प्रयोग करणारा देत नाही. ज्याच्यावर प्रयोग होतो तो देतो. म्हणून अशा प्रयोगात हरकत घेण्याचा आणि फेरतपासणी मागण्याचा अधिकार हा केवळ न्यायाचा भाग नसून सत्यशोधनाचाही आवश्यक भाग होय.

आज इंदापूर तालुक्यातील भूगोल पुन्हा एकदा पालटलेला आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयाने भिगवण परिसरातील भीमाकाठची पुष्कळ काळी जमीन पाण्याखाली घेतली. दुष्काळात पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर उघडे पडते आणि त्याच्या भोवताली एकेकाळी कसल्या जाणाऱ्या शेतांची जागाही दिसू लागते. सोळा आणे प्रतीच्या त्या जमिनीवर आता मासेमारी चालते आणि हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. पाण्याबाहेर राहिलेल्या जमिनीच्या सातबारा उताऱ्यावर मात्र क्षेत्राच्या खाली ‘आकार’ हा शब्द अजूनही असतो आणि त्यापुढे रुपये-पैशांत एक लहानसा आकडा असतो. ती रक्कम आता नगण्य झाली आहे. परंतु तो आकडा ज्या पद्धतीने काढला गेला, तिची पहिली कसोटी याच तालुक्याच्या मातीत लागली होती.